पदराला लागलेला रंग

मंगळवार, दिवेलागण

डोकं फिरलंय. ती मोतिया साडी डोळ्यांपुढनं जात न्हाई.

मी काम करते त्या साडीच्या दुकानाच्या धाकट्या मालकीणबाई, वैनी, परवा म्हणल्या, "मावशी, गालावरचं वांग झाकून येत जावा, न्हाईतर मागच्या खोलीत घड्या घालायला बसा." आता वांग काय मी हौसेनं आणलंय? पण काउंटर सुटायला नको, म्हणून शेजारच्या पार्लरवाल्या शाहीनकडनं हलकं फाउंडेशन आणि दाबलेल्या पावडरची डबी आणली. ती म्हणली, "काकी, मटारएवढंच घ्या, थोपटा, वाळलं की वरनं पावडर." मला कुठला दम? आज सकाळी बोटभर घेतलं आणि साबणासारखं चोळलं. पावडर राहिलीच.

दुपारी एका नवरीची आई आली. पदर कसा पडतोय ते दाखवायला रोजच्यासारखी ती मोतिया साडी माझ्याच खांद्यावर टाकली, मान वळवली, आणि गालाचा रंग काठाला लागला. बाई म्हणली, "अवो, ही तर वापरलेली हाय की." वैनींनी साडी उचलली आणि डाग काढायला आत पाठवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आत्ता घरात परत लावून बघितलं. मटारएवढं घेतलं, थोपटलं, वाळल्यावर पावडर लावली. गालाला पांढरा रुमाल दाबला, तर रुमाल कोरा. पण वांग हाय तसंच दिसतंय. जास्त लावलं की वांग जातंय आणि रुमाल बाटतोय. मग करू काय?

त्या मोतिया काठाचा डाग तरी निघाला असंल का?

मागच्या खोलीत गिऱ्हाईक न्हाई, कुणाच्या लग्नाची गडबड न्हाई. उभ्या जन्मात मी गप्प बसले न्हाई. तिथं दिवसभर बोलू कुणाशी?