उघडलेल्या बाटल्यांचं काय करायचं

प्रिय ठमाबाई,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. एक, नव्या घराच्या पार्टीत उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्यांचं काय करायचं. आणि दोन, बार विकून मी तुमच्याकडे कायमचा राहायला कधी येतोय. पहिला प्रश्न तू पानभर लिहिलास आणि दुसरा शेवटच्या ओळीत, जाता जाता आठवल्यासारखा. अगं, काउंटरमागे उभं राहून आयुष्य गेलं माझं. गिऱ्हाईक निघताना, कोटात हात घालता घालता जे बोलतं, तेच बोलायला ते आलेलं असतं, एवढं मला कळतं. वरची खोली माझ्यासाठी रंगवून घेतलीस, हेही जावईबापूंनी फोनवर आधीच फोडलंय. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तर मला ते आवडतात. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला बगल देणार नाही. पण आधी बाटल्या, कारण त्यांना हवा लागतेय.

पहिली गोष्ट, त्या सगळ्या फ्रिजच्या डोक्यावरून खाली उतरव. तू लिहिलं नाहीस, तरी त्या तिथेच असणार. तुझी आईही रिकामी जागा दिसली की वस्तू तिथे चढवायची. फ्रिजचं डोकं गरम असतं, आणि दारूला ऊन, ऊब आणि हवा या तिघांचं वावडं. अंधारं, थंडसं कपाट बघ आणि बाटल्या त्यात उभ्या ठेव. वाइन आडवी ठेवतात ते पाहून जावईबापू व्हिस्कीलाही झोपवतील, त्यांना झोपवू देऊ नकोस. कडक दारू बुचाला खाते, मग बूच भुगा होऊन पेल्यात तरंगतं. व्हिस्की, रम, ब्रँडी, जिन ही मंडळी चिवट. निम्म्याच्या वर भरलेली असली तर वर्ष-दोन वर्षं बिनघोर राहतात. पण तळाला गेली की बाटलीत दारू कमी आणि हवा जास्त, मग काही महिन्यांत चव उतरते. माणूस मरत नाही पिऊन, नुसता उदास होतो. अशी तळातली दारू छोट्या बाटलीत काठोकाठ ओतून बूच घट्ट लाव. आणि लग्नात मिळालेल्या त्या नक्षीच्या काचेच्या सुरईत काही साठवू नकोस. तिचं बूच नावाला आहे. पाहुणे यायच्या आधी ओत, मिरव, उरलेलं परत बाटलीत.

वाइन उघडली की बूच लावून फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपव. पांढरी असो की लाल. फसफसणारी असेल तर दुसऱ्या दिवशीच, नाहीतर उरेल ते सरबत. व्हर्मुथ लोक व्हिस्कीशेजारी ठेवतात आणि महिनोन् महिने विसरतात. अगं, तीही वाइनच, फक्त मसाले घातलेली. तिचीही जागा फ्रिजमध्ये, आणि महिना-दोन महिन्यांत तिचा निकाल लाव. गोड लिकर वर्षभर खुशाल राहते, फक्त तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसत जा, नाहीतर साखर धरून झाकण असं बसतं की जावईबापूंना पक्कड आणावी लागेल. सायीची लिकर मात्र दुधाची जात. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

हे सगळं मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. मी इथे ग्लास विसळायला लागलो तेव्हा जुने मालक बाटलीवर बोटाचं पेर वाजवून, न बघता, किती उरलीय ते सांगायचे. माझे कान मुळातच तिखट, मीही लवकरच सांगायला लागलो. पुढे त्याच कानांनी बार चालवला. कुणाचं बिनसलंय, कुणाला आज जरा लवकर घरी धाडायचं, हे खुर्ची ओढल्याच्या आवाजावरून कळतं. तुझ्या आईची तऱ्हा वेगळी. ती अर्धी वाइन तशीच ठेवायची नाही. स्वच्छ धुतलेल्या काचेच्या गोट्या आत सोडून वाइन गळ्यापर्यंत वर आणायची, म्हणजे हवेला जागाच नको. एकदा वेटरने शेवटचा पेला ओतताना एक गोटी पोस्टमास्तरांच्या पेल्यात गेली. ते बराच वेळ ती गालात घोळवत बसले आणि उठताना म्हणाले, तुमच्याकडचा बर्फ फार टिकाऊ आहे हो. तुझी आई मागच्या खोलीत तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली होती.

आता समोरच्या चष्म्याच्या दुकानाचं सांगतो. ते दुकान तुला आठवत असेल. तुझा पहिला चष्मा तिथलाच, दांडी चावून ठेवलेला. दुकानातले गृहस्थ गेले, हे मी तुला कळवलं होतं. आता त्यांची बायको दुकान चालवते. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी, खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या असताना, बाई एक खोकं घेऊन आल्या. नवऱ्याच्या बाटल्या होत्या, सगळ्या थोड्या थोड्या उरलेल्या. त्या गृहस्थांना म्हणे कुठलीच बाटली संपवायला आवडायचं नाही. पुढच्या पाहुण्याला घोटभर असावी, म्हणून ठेवायचे. आणि ठेवायच्या कुठे, तर दुकानाच्या काचेशी, उन्हात, कारण रंग छान दिसतात. बाई स्वतःच हसून म्हणाल्या की दिवसभर लोकांना उन्हापासून डोळे जपायला सांगते आणि ह्या मात्र भाजत ठेवल्या. कुठल्या ठेवू, कुठल्या टाकू, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी एकेक वास घेऊन, जिभेवर थेंब ठेवून वाटे करत गेलो. शेवटची व्हिस्कीची होती, गृहस्थांनी सर्वांत शेवटी उघडलेली. रंग उतरलेला, चव भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. मी म्हणायला लागलो, तशी बरी आहे, आठवण म्हणून राहू द्या. गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही ही धंद्याची सवय. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या,

“खोटं बोलू नका. गेली असेल तर गेली म्हणा.”

मी म्हणालो, गेली. त्यांनी ती बाटली उचलली, काउंटरच्या आत आल्या, मोरीत स्वतःच्या हाताने ओतली आणि नळ सोडला. रडल्या नाहीत. बाटली मात्र धुऊन घरी नेली.

त्यानंतर त्या येत राहिल्या, दुकान बंद केल्यावर, पेलाभर व्हर्मुथसाठी. माझ्या फ्रिजमधल्या व्हर्मुथच्या बाटलीवर कधी उघडली ती तारीख घालायची शिस्त त्यांनीच लावली. माझे चष्मेही बदलले. इतकी वर्षं मी लेबलं सवयीने ओळखत होतो, वाचत नव्हतो, हे तेव्हा कळलं. बोलतात थोडं, पण माझ्या गोष्टी ऐकताना मधेच विचारतात की हे मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतंत. म्हणजे कान माझ्यापेक्षा तिखट.

आणि मग या उन्हाळ्यात त्या स्वतःच बर्फ काढायला फ्रिजमध्ये वाकल्या आणि मागच्या कोपऱ्यातून तुझ्या आईची बाटली काढली. सायीची लिकर, कॉफीच्या वासाची. बार उघडायच्या आधी अंगठ्याएवढी घ्यायची, तुला ठाऊक आहे. उघडल्यावर ती लिकर फ्रिजमध्येसुद्धा सहा-आठ महिने, फार तर. हे मी आयुष्यभर लोकांना सांगितलं, आत्ता तुलाही सांगतोय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण ओले पाषाण. आई गेल्यापासून फ्रिज दोनदा बदलला, ती बाटली दोन्ही वेळा नव्यात गेली. बूच कधी काढलं नाही, कारण काढलं असतं तर मला कळलं असतं. बाईंनी ती हलवली. आतून डबक् डबक् असा गाठींचा आवाज आला. इतक्या वर्षांत मी ती कानाशी नेली नव्हती.  बाटली माझ्यासमोर ठेवून त्या पुन्हा बर्फ काढायला लागल्या. शेवटी मीच म्हणालो, गेली. ओतायला बराच वेळ लागला, गाठी गळ्यात अडकत होत्या. त्या शेजारी उभ्या राहून नळाचं पाणी कमी-जास्त करत होत्या. ठमे, हे तुला फोनवर सांगायला माझी जीभ रेटली नाही. बाटली धुऊन ठेवली आहे; तुला हवी असेल तर तुझी.

आता तुझी शेवटची ओळ. मी बार विकत नाही आणि कायमचा राहायलाही येत नाही. खोली चांगलीच असेल, तुझ्या हातची असल्यावर वाईट कशी असेल? पण त्या बाईंना मी हल्ली ‘अगं’ म्हणतो. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं नोंदणीच्या कचेरीत जाऊन सह्या करणार आहोत. तिचं दुकान तिचं, माझा बार माझा, घर मात्र एकच. तुझी परवानगी मागत नाही. या वयात ते शोभत नाही, आणि तू नाही म्हणालीस तर मी ऐकेन की नाही हे मलाही माहीत नाही, म्हणून विचारायला घाबरतो. हे पत्र मी तिला वाचायला दिलं. तिने घेतलं नाही. म्हणाली, बापलेकीच्या मधे चष्मा लावून बसणं माझं काम नाही. पण तेव्हापासून एकाच काचेला सारखी पुसतेय, ते मला ऐकू येतंय. तुझा रविवारचा फोन वाजेल तेव्हा मी मुद्दाम तळघरात जाणार आहे, पेट्या मोजायला. फोन ती उचलेल. ठेवू नकोस, बाळ. चष्म्याबद्दल विचार, हवेबद्दल बोल, काहीही बोल. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा असेन. तुम्ही काय बोलता ते मला वरून ऐकू येणार नाही, पण ती हसली तर येईल.

तुझाच, कानांत प्राण आणून बसलेला,
बाबा