दाढीला प्रवेश बंद

३ फेब्रुवारी, सकाळ.
निश्चय: स्वतःचा वेब सर्वर उभा करायचा. घरात, ताईच्या जुन्या कॉम्प्युटरवर. होस्टिंग कंपनीकडे भाड्याची जागा मागणं म्हणजे मिंधेपणा. प्रेमाचा यात काही संबंध नाही.
तिच्या व्हायोलिन क्लासची साइट काल हॅक झाली. उघडली की पोट कमी करायच्या गोळ्या दिसतात. साइट बनवलेली दाढीने. दाढी म्हणजे तिच्याबरोबर पास झालेला, नोकरीला लागलेला आणि कधीही न चिडणारा प्राणी. ती म्हणाली, आमच्या दाढीला सांगितलंय. 'आमच्या' या एका शब्दाने माझी झोप खाल्ली.

५ फेब्रुवारी.
क्लास सुटल्यावर तिला म्हटलं, साइट माझ्याकडे आण. (क्लासला मीही जातो. बाकीचे विद्यार्थी आठ-नऊ वर्षांचे. त्यांच्यात मी मागे नाही.) ती म्हणाली, तुला जमेल का नक्की? नव्या बॅचचे फॉर्म सुरू व्हायचेत, बॅच भरली नाही तर हॉल सोडावा लागेल, या खेपेला घोळ नको रे. म्हटलं, डोळे मिटून सोड माझ्यावर. तर म्हणते, दाढीला विचारते.
घरी येऊन उशी भिंतीवर मारली. ताई म्हणाली, उशीने काय केलंय तुझं?

६ फेब्रुवारी.
दाढी हो म्हणाला. त्याचे शब्द तिने जसेच्या तसे सांगितले: करू दे की त्याला.
हे 'करू दे की' मी विसरणार नाही.

९ फेब्रुवारी.
सर्वर सुरू. आता सुरक्षा. फायरवॉल म्हणजे दारावरचा राखणदार, कोणाला आत घ्यायचं ते आपण सांगायचं. मी आधी सांगितलं, कोणालाच नाही. तो इतका आज्ञाधारक निघाला की मलाही घेईना. शेवटी त्या कॉम्प्युटरसमोर उकिडवा बसून सगळं पहिल्यापासून केलं. ताई म्हणाली, आतून कडी लावून बाहेर राहणारा तू पहिलाच.
नोंद: चाचणी यशस्वी. मालकालाही शिरता येत नाही, तिथे चोर काय शिरणार?

१२ फेब्रुवारी.
साइट माझ्याकडे आली. गोळ्या गेल्या. तिने क्लासमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, याने केलं हं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कॉलेज अर्धवट सोडल्याचं आज सार्थक झालं. (कॉलेजनेच मला सोडलं, ही ताईची आवृत्ती.)

१३ फेब्रुवारी.
लॉग वाचायला शिकलो. लॉग म्हणजे सर्वरची हजेरी. कोण कुठल्या पत्त्यावरून आलं, काय पाहिलं, सगळं. पत्ता म्हणजे आकडे. एका घरच्या वायफायवर दहा जण बसले तरी आकडे तेच.
एक पत्ता काल संध्याकाळी आला, आज संध्याकाळी पुन्हा. 'शिक्षिकेविषयी' हे पान उघडतो. तिचा फोटो त्याच पानावर आहे. माझ्याही पत्त्यावरून ते पान बरंच उघडलेलं दिसतं, पण ती देखभाल.

१४ फेब्रुवारी.
डोकं शांत ठेवून सापळा लावला. एक गुप्त पान बनवलं, त्याची लिंक फक्त दाढीला पाठवली आणि लिहिलं, तुझं मत हवंय. संध्याकाळी पान उघडलं गेलं. तोच पत्ता! मत म्हणून त्याने लिहिलं, छान झालंय, मेहनत दिसते.
मेहनत दिसते म्हणे. फायरवॉलमध्ये त्याचा पत्ता घातला. कायमची बंदी. शांत झोप लागणार.

१५ फेब्रुवारी.
फॉर्म सुरू. संध्याकाळी तिचा फोन: साइट उघडत नाहीये. माझ्याकडे तर धावतेय. म्हटलं, तुझं नेट मंद असेल. ती म्हणाली, अरे, मोबाइलच्या डेटावर उघडते, वायफायवर नाही.
तिच्या घरी वायफाय नाही हे मला ठाऊक आहे. म्हणजे लायब्ररीत असणार. मागे कपबश्यांचा आवाज येत होता. हल्ली लायब्ऱ्या फार सुधारल्या आहेत.

१६ फेब्रुवारी.
पुन्हा फोन. ती फॉर्म तपासायला लॅपटॉप घेऊन बसते आणि साइट हटून बसते. पालक उत्तराची वाट बघतायत, दोघांनी दुसरा क्लास धरलासुद्धा. म्हटलं, आधी ती लायब्ररी बदल. ती म्हणाली, कुठली लायब्ररी?
मोठी माणसं तपशिलात अडकत नाहीत. मी विषय बदलला.

१७ फेब्रुवारी.
तिला म्हटलं, तिथून तुझा पत्ता बघून पाठव, छडा लावतो. पाठवला. आकडे ओळखीचे वाटले. शेवटच्या आकड्यापर्यंत ओळखीचे.
निष्कर्ष: दाढीने तिचा पत्ता चोरला. या थराला जाईल असं वाटलं नव्हतं. बंदी उठवली तर चोराचं फावेल. तिच्याच भल्यासाठी बंदी ठेवली.
जेवण गेलं नाही. ताईने विचारलं, काय झालं? म्हटलं, सायबर गुन्हा.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ.
दोघं घरी आले. एकाच स्कूटरवरून.
दाढीने चपला व्यवस्थित जोडीने काढल्या. मग म्हणाला, मित्रा, माझ्या घरचा पत्ता चुकून ब्लॉक झालाय बहुतेक, बघतोस का? आवाज कसा, तर तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा. मी म्हटलं, चुकून काहीच झालेलं नाही.
ती म्हणाली, म्हणजे तू मुद्दाम केलंस? मी म्हटलं, सुरक्षेसाठी. ती म्हणाली, कोणाच्या?
उत्तर तयार होतं, पण ते दाढीसमोर द्यायचं नव्हतं.
ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला राग समजतो. ती नुसती म्हणाली, आठवडाभर रोज संध्याकाळी मी तुझीच बाजू घेत होते याच्याकडे. तो करेल नीट, म्हणत होते.
रोज संध्याकाळी. याच्याकडे.
ताईने चहा आणला. दाढीला साखर कमी आहे का विचारलं तर म्हणाला, अगदी बरोबर आहे. मग त्याने त्या कॉम्प्युटरसमोर बसून साइट उतरवून घेतली. जाताना म्हणाला, फायरवॉल मात्र चोख बांधलीयस.

१९ फेब्रुवारी.
तिची साइट नव्या होस्टिंग कंपनीत गेली. बॅच भरेलसं दिसतंय, असं क्लासमधल्या एका चिमुरडीच्या आईकडून कळलं. मी क्लासला गेलो नाही. बोट दुखतंय.
निश्चय: आता खरी सुरक्षा करायची. विचलित करणारं काही उरलेलं नाही.

२१ फेब्रुवारी.
तपासणी पूर्ण. सर्वर अखंड चालू. एकही त्रुटी नाही. आत एकही फाइल नाही, त्यामुळे चोरण्यासारखंही काही नाही. इतका सुरक्षित सर्वर मी तरी पाहिलेला नाही.
मोठ्या मनाने दाढीच्या पत्त्यावरची बंदी उठवली.

२२ फेब्रुवारी.
लॉग पाहिला. त्या पत्त्यावरून कोणी आलं नाही.