रिकाम्या ताटाचा फोटो

तीर्थरूप कडूबादादांस,
धाडहून धाकट्या बहिणीचा, जनकाचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल, गुडघ्याले तेल लावणं चालू असेल (नसेलच, पण मी विचारलं असं वहिनीले सांगा). आम्ही इकडे ठीक. तुमची योगिनी शनिवारी यष्टीनं सुखरूप पोचली, कुरडयांच्या कामात हाताशी आहे, तिची काळजी करू नका. तुम्ही म्हणाल, फोन सोडून पत्र काऊन? दादा, तुमचा फोन स्पीकरवर लावून खताच्या पोत्यावर ठेवलेला असते, अन् समोर बसलेले चार गिऱ्हाईक माझ्या बोलण्यावर मत देतात. मागे मी सासूबाईच्या पोटाचं सांगत होते, तर कोणी अनोळखी माणूस मधातच म्हणे, एरंडेल द्या. (दिलं. गुण आला. पण तरीही.) म्हणून हे पत्र. फकीर मोहम्मदभाई बियाण्यासाठी तुमच्या दुकानात येऊन राह्यले, त्यांच्या हाती देते. दुकानात कोणी नसताना, एकट्यानं अन् शेवटपर्यंत वाचा.

मले असा धक्का बसला आहे की पंधरा दिवस झाले, अंगणवाडीतल्या लेकरांची हजेरी मी रोज दोनदा घेऊन राह्यले अन् मदतनीस बाई माझ्याकडे संशयानं पाहून राह्यली. झालं असं, की आमची करिष्मा शाळेच्या खेळांच्या शिबिराले गेली, आठ दिवस. तिथं फोनले बंदी. निघताना तिनं स्वतःचा फोन माझ्या हाती दिला अन् दहा वेळा बजावलं, मम्मी, रोज दुपारी एक वाजता या ग्रुपवर रिकाम्या ताटाचा फोटो टाकायचा. एक दिवस जरी चुकला तर साखळी तुटते, छप्पन्न दिवस झाले. काही विचारू नको, काही लिहू नको. ग्रुपमध्ये बारा पोरी, सगळ्या नववी-दहावीच्या, तीन-चार गावच्या, अन् आमची सोडून एकीचंही नाव खरं नाही. फुलपाखरं, चांदण्या, मांजरी, असलंच सगळं.

आता तुम्हीच सांगा. ठरलेली वेळ, रिकामं ताट, मधात खंड पडू द्यायचा नाही, बाहेर कोणाले सांगायचं नाही. मले वाटलं, व्रत आहे. मी तर मनातून फुलून गेले, म्हटलं पोरगी आपल्या वळणावर गेली. पहिल्या दिवशी ताट चिंचेनं घासून असं लख्ख केलं की फोटोत माझा चष्मा दिसला. अकरा जणींचे अकरा बदाम आले. दुसऱ्या दिवशी मात्र मले दया आली. वाढत्या अंगाच्या पोरी, वैशाखाचं ऊन, अन् फराळाचं कोणी नावही काढत नाही. म्हणून भगर, शेंगदाण्याची आमटी, बाजूले बटाट्याची भाजी, असं ताट भरून फोटो टाकला अन् खाली लिहिलं, बायांनो, एवढं तर उपवासाले चालते, देव कोणता अन् उद्यापन कधी ते कळवा, पुरणाचं माझ्याकडे लागलं. दादा, त्यानंतर जे झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. हसून हसून रडणारी तोंडं आली, ओकारी करणारं हिरवं तोंड आलं, अन् एकीनं लिहिलं, करिष्मा फेल, सगळे दिवस वाया. (माझ्या आमटीले आजवर कोणी हिरवं तोंड केलं नाही. तुमच्या मेहुण्यांनीही नाही, अन् ते तर कशालेही करतात.)

तिसऱ्या दिवशी एकीनं वेगळाच फोटो टाकला. वजनकाटा अन् त्याच्यावर दोन काटकुळे पाय. खाली लिहिलेलं, अजून चार किलो गेले. लगेच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवीस वर्षं झाली मले लेकरांची वजनं करता. आमच्याकडे पावशेर वाढलं तर टाळ्या. कमी झालं तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, मी त्या लेकराच्या घरी जाऊन बसते, त्याच्या मायचं डोकं खाते, वरून मॅडमचा फोन येते तो वेगळाच. अन् इथं एवढाल्या पोरी वजन घटलं म्हणून टाळ्या वाजवून राह्यल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. देव नव्हता अन् व्रतही नव्हतं. कोण जास्त उपाशी राहते, याची शर्यत लागली होती. अन् माझी स्वतःची पोरगी छप्पन्न दिवस माझ्या नाकासमोर त्यात होती. (ती कशी टिकली हे शिबिरातून आल्यावर समजलं. पोटभर जेवायची, ताट बोटानं पुसून चाटायची अन् मंग फोटो काढायची. मी शेजारणीले कौतुकानं सांगायची, आमची पोरगी ताटात कण टाकत नाही. लबाड आहे म्हणून वाचली. आपलं लेकरू लबाड निघाल्याचा एवढा आनंद कोण्या मायले झाला नसेल.)

मले राग आला की सरकारी भाषा येते, तुम्हाले माहीतच आहे. मी लिहिलं, सर्व किशोरवयीन मुलींनी उद्या सकाळी दहा वाजता अंगणवाडी केंद्रात आधार कार्डासह उपस्थित राहावे, वजन-उंची घेण्यात येईल व खाऊ देण्यात येईल. मी चष्मा पुसून परत पाहते तोपर्यंत मले ग्रुपमधून काढून टाकलं होतं. आमच्या गावातल्या मागच्या सरपंचाले काढायले सहा महिने अन् अविश्वासाचा ठराव लागला होता.

त्याच दुपारी त्यातल्याच एकीचा वेगळा निरोप आला, करिष्माच्या नावानं. फोटोच्या जागी नुसतं काळं. म्हणे, कालच्या आमटीचा फोटो परत पाठव ना, जवळून. मले वाटलं पोरीले कृती पाहिजे, तर मी सगळं लिहून धाडलं, कूट जाडसर ठेव, जिरं तुपात तडतडू दे, आमसूल शेवटी. ती म्हणे, करायची नाही, फक्त पाहायची आहे.

दादा, मी आमटीचा फोटो परत पाठवला. तिथून पुढं रोज मी तिले फोटो पाठवत गेले, भाकर, पिठलं, कैरीची फोड, जे काय चुलीवर असेल ते, अन् ती थोडं थोडं सांगत गेली. डबा गाईले घालते. जिना चढताना डोळ्यापुढं अंधारी येते. विंचरताना केस मुठीनं हातात येतात. ग्रुप सोडायची सोय नाही, कारण सोडलं तर तिच्या जुन्या फोटोले डुकराचे कान लावून शाळेतल्या सगळ्यांत फिरवणार आहेत. आधी एकीचा असाच फिरवला, ती पोरगी महिनाभर घराबाहेर पडली नाही. मी विचारलं, घरी सांगितलं काय? तर म्हणे, घरी सगळे खूश आहेत, आता माणसात आली म्हणतात. मले त्या घरच्या मोठ्या माणसांचा असा संताप आला. पोरगी डोळ्यादेखत वाळून राह्यली अन् यांना सुधारली वाटते. तुम्ही असते तर तुम्हीही म्हटलं असतं, कसला बाप आहे बे हा. तुमचं तोंड फाटकं आहे, पण पोरीच्या बाबतीत तुमचं पाणी पाणी होते हे मी योगिनीच्या लहानपणापासून पाहत आले.

असो. लिहायले बसले अन् पसारा झाला. वहिनीले नमस्कार सांगा. कुरडया वाळल्या की डबा भरून देते.

तुमची
जनका

ता. क. दादा, ती पोरगी आपली योगिनी आहे. पाणी प्या अन् मंग पुढचं वाचा. फोन करू नका. एका फोटोत भाकरीजवळ माझा हात आला होता, तिनं हातावरचं गोंदण ओळखलं अन् लिहिलं, आत्या, तूच आहे ना? म्हणून मी कुरडयांचं निमित्त करून तिले बोलावून घेतलं. रविवारी तिनं कुरडयांचा वाटीभर गरम चीक खाल्ला अन् तासभर रडली. सोमवारी बुलढाण्याले डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हे नखरे नाहीत, आजार आहे, अंगाचाही अन् मनाचाही. बरी होईल, पण महिने लागतील, अन् घरच्यांशिवाय होणार नाही. येत्या सोमवारी त्यांनी तुम्हाले अन् वहिनीले बोलावलं आहे. ग्रुपमधलं सगळं मी जपून ठेवलं आहे, ते तिच्या शाळेत कसं न्यायचं हे तिच्यासमोर बसून ठरवू.

आणखी एक. दिवाळीत तुम्ही तिले दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभी केली अन् गिऱ्हाईकांसमोर म्हणाले, युरियाची दीड बॅग भरली. सगळे हसले. मी तिथंच होते, मीही हसले. तिनं मले वार सांगितला, कोण कोण होतं ते सांगितलं. तिथून सुरू झालं. तर रविवारी या, तिच्या बाजूले बसून जेवा. किती खाल्लं ते पाहू नका, खा म्हणू नका, बारीक झाली असंही म्हणू नका. दुसरं काहीही बोला, नाही सुचलं तर गप्प बसा.

अन् शेवटचं. हे पत्र योगिनीनं वाचलं आहे, तिले दाखवल्याशिवाय पाठवायचं नाही असं आमचं ठरलं होतं. बाकी सगळं राहू दे म्हणे, फक्त काट्याचं खोड आत्या, बाबा तर मजाक करत होता, त्याले वाईट वाटंल. मी पेन हातात घेतला होता. नाही खोडलं.