उपरण्याखालचा भाव

प्रिय बापू,

इतक्या उशिरानं लिहितोय म्हणून रागावू नकोस. तू गेल्यापासून तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही. लिहिण्यासारखं होतं काय? तुझा वैरी सुखात आहे, एवढंच ना? ते लिहायला हात उचलत नव्हता. काल सांगलीत मात्र असं काही घडलं, की तुझ्याआधी दुसऱ्या कुणाला सांगवेना. चौथी नापास भावाचं अक्षर आहे, लावून वाच.

चळवळीच्या दिवसांत चावडीवरचा रेडिओ सरकारनं उचलून नेला, तेव्हा तू पत्र्याचा कर्णा घेऊन तासगावच्या बाजारात उभा राहिलास. "रेडिओ गेला तर गेला, मी हाय की!" म्हणालास आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायला लागलास.

"मावशी, राज्य कुणाचं?"

"घरात सासूचं, बाजारात शेठचं. गोरा सायेब मी अजून बघितलाबी न्हाई!"

काय हसलं होतं रे सगळं!

पण मग माल घ्यायला आलेल्या सांगलीच्या अडत्या शेठला विचारायची काय गरज होती? तेही कर्ण्यातून? आपल्याकडं अडत्यानं उपरण्याखाली शेतकऱ्याचा हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, शेजाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, ही रीत आपल्या आज्यापासूनची. आणि तू विचारलंस, "शेठ, भाव झाकून का करता? उघड्यावर बोलायला लाज वाटती व्हय?" मी तुझी बाही ओढत होतो. तू म्हणालास, "आण्णा, तू लय भितोस."

भितोच! पुढच्या बाजाराला पोलीस आले, ते शेठच्या लॉरीतून. साऱ्या बाजारानं बघितलं. तुरुंगातून तुझा पटका तेवढा घरी आला. तुझ्या वहिनीनं तो अजून धुतलेला नाही.

आता स्वराज्यात शेठच्या डोक्यावर पांढरी टोपी आहे. सभेत पुढच्या खुर्चीवर बसतो. तुझ्या नावानं हळहळतोसुद्धा!

काल मुंबईच्या रेडिओची माणसं गाडी घेऊन सांगलीच्या पेठेत आली. बोललेलं तबकडीवर उतरवून घेतात, मग रेडिओवर लावतात. स्वराज्यात बाजार कुणाच्या हातात, लोकशाही खालपर्यंत आली का, अशा मुलाखती. शेठ तयारच होता. एक शेतकरी पण पाहिजे म्हणाले, तर त्याच्या दिवाणजीनं हळद घेऊन आलेल्या मला पुढं केलं. "ह्यो म्हातारा बरा हाय, तोंड उघडत न्हाई."

शेठ छान बोलला. "आमच्या पेढीवर लहान-मोठ्याला एकच न्याय. हीच आमची लोकशाही." रेडिओवाला मान डोलवत होता. मी म्हणालो, "आवं शेठ, मग माझ्या हळदीचा भाव करा की."

आणि बापू, काय सांगू! जन्माची सवय ती. त्यानं खांद्यावरचं उपरणं ओढलं, माझ्या हातावर टाकलं आणि गप्प बसून बोटं दाबायला लागला! समोर रेडिओ, आणि हा मुका!

रेडिओवाला म्हणाला, "शेठजी, बोला ना, आवाज येत नाही."

मी म्हणालो, "सायेब, भाव ह्यो असाच बोलतो. माझी चार बोटं दाबल्यात."

मागनं आपल्या बांधाचा गोविंदा ओरडला, "सकाळी माझी तीनच दाबली की! एकाच शिवारातली हळद, शेठ!"

पेठ हसली. अगदी तशीच हसली, जसा तुझ्या वेळी तासगावचा बाजार हसला होता. शेठनं हात ओढला, पण मी धरून ठेवला. म्हणालो, "सायेब, माझ्या भावाला पकडायला ह्याच हातानं पोलिसांना लॉरी दिली." तुझं नाव घेतलं, मोठ्यानं, दोनदा. त्याचा हात गार पडत चालला होता. मला बरं वाटलं, बापू. वाईट वाटायला पाहिजे होतं का?

आता जीवाला घोर लागलाय. रेडिओवाले तेवढंच कापून तर टाकणार नाहीत? मी फार पुढं झुकून बोललो, आवाज फाटला तर नसेल? काल संध्याकाळीच दिवाणजी दारात आला. म्हणतो, शेठ सोमवारी स्वतः येऊन पाया पडणार, तू रेडिओवाल्यांना सांगून तेवढं गाळायला लाव. तुझी वहिनी म्हणते, "आवं, सोडा आता. पोरगी सांगलीत नांदती. उद्या तिच्या सासऱ्याचा माल कोण घेणार?"

ती खोटं बोलत नाही. म्हणूनच रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

पण वचन देतो, गाळायला सांगणार नाही. त्यांनी कापलंच, तर विट्यापासून शिराळ्यापर्यंत प्रत्येक बाजारात उभा राहून मी ते पुन्हा बोलेन, आणि उपरण्याखाली माझा हात परत कधी जाणार नाही. भीत भीत बोलेन, पण बोलेन.

राहिली माफी. ती माझ्याजवळ नाही, मी कुठून देऊ? मेला तू आहेस. तो सोमवारी उंबऱ्याशी येईल. त्याच्याआधी तुझा निरोप येऊ दे रे, कसाही येऊ दे. लवकर कळव.

तुझा,
आण्णा