शिडीचे मोजे

॥ श्री ॥
सेक्टर २, भिलाई
४ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि जे सांगायचं ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. पत्र एकट्यानेच वाचा.

काल अभिनव शिडीवरून पडला. कुम्हारीला एका दुकानावर कॅमेरे लावत होता. जीव वाचला, पण मणक्याला मार आहे, दोन्ही पाय हलत नाहीत. सूज उतरेपर्यंत काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. आणि पोरगा इस्पितळात उताणा पडल्या पडल्या मलाच धीर देतो, की आई, तू काहून रडून राहिली, मले काही नाही झालं.

आता खरं सांगते. त्याची ती सरकवून लांब करायची शिडी तुम्ही दिवाळीत पाहिली होती. तिच्या वरच्या दोन टोकांना घालायला रीनाने गेल्या महिन्यात मोबाइलवरून रबरी टोप्या मागवल्या. त्यामुळे लोकांच्या भिंतींचा रंग खरवडत नाही आणि शिडी घसरत नाही. मी त्यांना मोजे म्हणायची, शिडीला थंडी वाजते का म्हणून सुनेला चिडवायची. खंडेनवमीला अवजारं पूजेला मांडली तेव्हा ते मोजेही मी काढून धुतले. ड्रिल पुसलं, पक्कड पुसली, आणि आपली आई विळ्या-कुऱ्हाडीला लावायची तसा सगळ्यांवर खोबरेलाचा हात फिरवला. मोज्यांवरही. रबर मऊ राहील, असं वाटलं. पाटावर छान चमकत होते.

दसरा सुट्टीत गेला. काल तेच मोजे घालून शिडी कुम्हारीला गेली. दुकानाची भिंत गुळगुळीत टाइल्सची. अभिनवचा भागीदार सुमेध सांगत होता की वरचं टोक कोणी बाजूला ओढावं तसं सरकलं.

संध्याकाळी सुमेधनेच शिडी अंगणात आणून ठेवली. कोणी पाहायच्या आत मी मोजे काढले, साबणाने दोनदा धुतले आणि वाळत घातले. असं कसं सुचलं मला, दादा? आज यांनी ते दाबून पाहिले आणि म्हणाले, रबरच हलकं आहे, स्वस्तातलं मागवलं असेल. रीना समोरच उभी होती. मी पोळ्या लाटत राहिले.

मला फार भीती वाटते. त्याचे पाय गेले तर? आणि त्याला कळलं तर? काय करू ते लिहा. हे वाचल्यावरही माया आटू देऊ नका.

आपली,
सरला

वर्धा
९ ऑक्टोबर

चि. सरलास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग देवाजवळ जाऊन बसलो. गुडघे साथ देत नाहीत, नाहीतर रात्रीच्या गाडीनेच आलो असतो.

तू मुद्दाम केलं नाहीस. आपल्या घरी अवजार म्हणजे लोखंड, आणि लोखंडाला तेल लागतंच. रबराचं आपल्याला कोणी शिकवलं होतं? म्हणून माझं ऐक. आत्ता कुणाजवळ बोलू नकोस. पोराला आधी उभं राहू दे. जावईबापूंचा राग तुला ठाऊक आहे, आणि उद्या सून फिरली तर या वयात तू कुठे जाशील? रीना तरुण आहे, चार दिवस बोलणी खाईल आणि विसरेल. लहानपणी दुधाचं पातेलं तू लवंडायचीस आणि नाव मांजरीचं सांगायचीस, तेव्हाही मी गप्पच बसलो होतो.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही, तेही सांगतो. पत्र वाचून फाडून टाक. पायांची खबर लगेच कळव. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे.

तुझा,
विष्णुदादा

सेक्टर २, भिलाई
१४ ऑक्टोबर

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

उजव्या पायाचा अंगठा काल हलला. डावा पाय अजून थंडच आहे. डॉक्टर नुसती मान डोलावतात. त्या डोलण्याचा अर्थ लावत मी दिवस काढते.

तुमचं पत्र फाडलं. पण ऐकणं जमेल असं वाटत नाही. रीना विसरणारी नाही, दादा. ती जेवत नाही. आधी हे बोलत होते, आता अभिनवही बोलला, की तुले कोणी सांगितलं होतं मोबाइलवर काहीबाही मागवायले. ती तिथून तशीच निघाली. घरी आली, कपाटावरची बॅग काढली आणि रायपूरला भावाला फोन केला. दिवाळीच्या आधी न्यायला ये म्हणाली. मी दाराआडून ऐकलं. मांजर मुकी होती, तिचं नाव सांगितलेलं चाललं.

चारला भेटायची वेळ असते. उद्या सगळे असताना सांगून टाकणार आहे. तो तोंड फिरवेल, याची फार भीती वाटते. तुमचा सल्ला मोडते आहे. धाकटी म्हणून पोटात घाला.

आपली,
सरला

भिलाई
१७ ऑक्टोबर

ती. स्व. मामांना,
रीनाचा शि. सा. न.

आईंना अजून लिहवत नाही, म्हणून त्यांनी मला लिहायला सांगितलं. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, शाळा हिंदीत झाली. समजून घ्या.

परवा आईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. तेल लावलं तेही, आणि नंतर मोजे धुतले तेही. बाबा मटकन स्टुलावर बसले. मग मला राहवलं नाही. मामा, त्या दिवशी सकाळी ते मोजे मीच शिडीला चढवले होते. माझी बोटं तेलाने माखली. मला कळलं होतं. एक मी ओढणीने पुसला. तेवढ्यात यांनी बाहेरून हॉर्न दिला, उशीर होऊन राहिला म्हणाले, आणि दुसरा तसाच राहिला. पूजेचं तेल आहे, पुसताना आईंनी पाहिलं तर त्यांना लागेल, असंही मनात आलं. म्हणून बोलले नाही. पडल्यानंतर भीतीने बोलले नाही. बाबा, हे, सगळे बोलत होते ते मी ऐकून घेत होते, कारण मला ते खरंच वाटत होतं.

आई माझ्याकडे पाहतच राहिल्या. त्यांना हे माहीत नव्हतं.

यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि दोघींना बाहेर जायला सांगितलं. काल दिवसभर आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. आईंनी माझा हात धरून ठेवला होता, पाणी प्यायलाही सोडला नाही. भाऊ आला होता, त्याला परत पाठवलं. डावा पाय अजून तसाच आहे.

आज सकाळी यांनी बाबांना विचारलं, आई जेवली का. आई आत जाऊन आल्या, रडल्या, मग थोडा भात खाल्ला.

माझ्याबद्दल अजून विचारलं नाही. मी इथेच बसून आहे. आशीर्वाद द्या.

तुमची सून,
रीना