चिमणीचा कान

शनिवार, ता. ८

बारकीस ताईचा आशीर्वाद. घ्यायचा असेल तर घे, नाहीतर पाकिटातच राहू दे.

इकडे मी ठीक. गुडघे कुरकुरतात. माझा स्वतःचा दात खाली एकच उरलाय, बाकी कवळी. तीही तुझ्या भाऊजींच्या हातची, म्हणजे माझ्यानंतरही टिकेल. अक्षर बघून नाक मुरडू नकोस. पूर्वी माझी पत्रं तूच लिहायचीस. मी सांगायचे आणि तू मध्येमध्ये आपल्या पदरचं घालायचीस. एकोणीस वर्षांत पत्र नाही, त्यामुळे हात बसलेला नाही. चौथी पास बाईने किती लिहायचं.

भाऊजी गेल्याचं नातीने तुला कळवलं होतं. तू आली नाहीस. मी काही बोलत नाही. माणसं आली, बसली, 'देवमाणूस होता' म्हणाली. निम्म्यांच्या तोंडात त्यांनीच बसवलेले दात होते, म्हणणारच.

आता घरात मी आणि ती भांडी. तुला आठवत असतील. निळ्या फुलांची, इंग्लंडात अडीचशे वर्षांपूर्वी भाजलेली. भाऊजींचं जन्मभर हेच, आठवडाभर लोकांच्या कवळ्या करायच्या आणि रविवारी जुन्या बाजारात जाऊन एखादी बशी घेऊन यायची, अशी सगळी जमवली. कप सात, बश्या आठ, एक किटली, एक उरलेला चहा ओतायचा वाडगा. कप म्हणायचे आणि त्यांना कान नाहीत. त्या काळच्या बायका म्हणे असाच बोटांनी धरून चहा प्यायच्या. भाजत नसेल का? विचारायला त्यातली एकही उरली नाही. चिनी माती म्हणायची, माल विलायती, आणि धुणारी मी. महिन्याच्या पहिल्या रविवारी टबात तळाला टॉवेल, कोमट पाणी, हातातली अंगठी काढून ठेवायची, एका वेळी एकच नग. चहा त्यात आम्ही कधी प्यायलो नाही. चहा आम्ही स्टीलच्या पेल्यात प्यायचो आणि त्यांच्याकडे बघायचो.

नातीने कुठूनतरी संग्रहालयातली एक बाई शोधून काढली. ती बुधवारी आली होती. सगळी भांडी एका जागी, लोकांना बघायला ठेवायची म्हणते. बाई चांगली आहे, चपला दाराबाहेर काढल्या. एकेक कप उजेडाला धरला, नखाने वाजवला, मग कडेला दात लावून बघितला, अगदी भाऊजींसारखा. खरी झिलई दाताला थंड आणि कडक लागते, डागडुजी केलेली जागा मेणासारखी लागते, तेच ते. मला हसू आलं. म्हटलं, बाई, माझे दात घरचेच आहेत, मला विचारू नका.

मग तिने विचारलं, "दुकानात आणखी काही असेल का?" भाऊजींच्या कवळ्यांच्या दुकानातलं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात 'मोडक्या कवळ्या' असं लिहिलेला पत्र्याचा डबा होता. तो मी कधी उघडला नाही, कोण उघडणार. तिने उघडला. आत कागदात गुंडाळलेली चिमणी.

होय, तीच. दुधाचा तो इवलासा जग, चिमणीच्या चोचीसारखी चोच असलेला. जोडलेली आहे. बाईने चोच दाताला लावली आणि डोळे मिटून उभी राहिली. म्हणाली, "ही चोच जुनी नाही. हा दात आहे." कवळीचा चिनी मातीचा दात घासून घासून भाऊजींनी त्याची चोच केली होती. बाई म्हणते, जोडलेल्या मालाला बाजारात मान नाही, पण असलं काम तिने आजवर पाहिलेलं नाही.

तेव्हा तू ती नेली नव्हतीस, हे आता उघड झालं. तेवढं कळवायला हे पत्र. जोडून बिडून भाऊजींनी ती डब्यात का ठेवली ते त्यांनाच ठाऊक. माणूस विचित्रच होता. झालं गेलं. आता आपण दोघी म्हाताऱ्या, रुसून कुठे जायचंय. सवड झाली तर ये.

तुझी,
ताई


गुरुवार, ता. २०

बारकीस आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. ना खुशाली, ना नमस्कार. एकच ओळ, "तुकडे भाऊजींना मिळाले कुठे?" नातीने वाचलं आणि म्हणाली, "आजी, हे काय पत्र झालं?" म्हटलं, पत्र नाही ते, चिमटा आहे. लहानपणीही तू अशीच होतीस. सगळे रडत असले की तू विचारायचीस, आधी कोणी मारलं.

चार दिवस उत्तर जुळवते आहे. डोक्यात सगळा गुंता झालाय. एक टोक ओढावं तर दुसरीकडे गाठ बसते. लिहिते तसं वाच, मागेपुढे झालं तर तूच नीट लाव. शिकलेली तू आहेस.

तो रविवार तुला आठवतो तितकाच मला आठवतो. तू आठ दिवसांसाठी आली होतीस. सकाळी भाऊजींनी चिमणी तुझ्या हातात दिली आणि तुला खिडकीशी नेलं. "पोट धरून उचल, कान धरून नाही," म्हणाले, "अडीचशे वर्षांचा कान आहे, त्याच्यावर भार टाकायचा नाही." तू उजेडाला धरून म्हणालीस, "आतून हिरवट दिसतंय, भाऊजी." माणूस असा खूश झाला की जणू तूच ती भाजली होतीस. तळाची निळी चंद्रकोर, त्या कारखान्याची खूण, दाखवली, पुस्तक काढलं, तू घडाघड वाचलंस. मी दारात उभी होते, हातात ओला टॉवेल. वीस वर्षं मी ती धूत होते. मला तोवर 'हळू' ह्याखेरीज एक शब्द मिळाला नव्हता. मी विचारलंही नव्हतं म्हणा. पण तू तरी कुठे विचारलं होतंस, तुला त्यांनी आपणहून सांगितलं.

जेवणं झाल्यावर तू म्हणालीस, "आज मी धुते, ताई." धुतलीस, टॉवेलवर पालथी ठेवलीस आणि बाजारात गेलीस. भाऊजी दुकानात. घरात मी एकटी. चहा टाकला. आणि मला काय वाटलं कोण जाणे, म्हटलं एकदा हिच्यातून दूध ओतून बघावं. बाकी काही नाही. दूध ओतायलाच केलीय ना ती, की नुसतं धुवायला? दूध भरलं आणि कान धरून उचलली. मला काय माहीत नव्हतं? सकाळीच ऐकलं होतं. पण पोट धरून ओतलं की ते नळावर पाणी भरल्यासारखं दिसतं. मला ओतायचं होतं बायका ओततात तसं, दोन बोटांत कान धरून.

कान दोन बोटांत राहिला. बाकीची चिमणी ओट्यावर. फार आवाजही झाला नाही.

तर मिळालं तुझं उत्तर. निम्मं. मी फोडली.

तुकडे मी कोरफडीच्या कुंडीत घातले. माती काढली, तळाला तुकडे, वर माती, वर कोरफड. पाणी झिरपायला तळाला खापऱ्या घालतातच, कोणाला काय कळणार. चोचीचा तुकडा सापडला नाही, मोरीत गेला असेल.

संध्याकाळी ते आले आणि म्हणाले, "चिमणी कुठाय?" मी म्हटलं, "आज बारकीने धुतली." यात एक अक्षर खोटं नाही. तू म्हणालीस, "मी धड ठेवली होती टॉवेलवर." तेही खरं. दोघी खऱ्या आणि चिमणी नाही. ते तुझ्याकडे बघत होते, तू माझ्याकडे. तुझ्या हातात बाजाराची भरलेली पिशवी. आणि मग मी जे बोलले ते तुला पाठ असेल, मला लिहायला लावू नकोस.

बरं, लिहिते. मी म्हटलं, "घेतली असशील तर गुपचूप परत ठेव."

तू पिशवी फरशीवर उपडी केलीस. बटाटे कपाटाखाली गेले. तू गेल्यावर चार दिवस सापडत होते.

आता ऐक, माझं डोकं कुठे अडकलंय ते.

चिमणी ज्या कागदात गुंडाळली होती ते वर्तमानपत्र आहे. पहिल्या पत्रात मी नुसता कागद म्हटलं. मला आकडे वाचता येतात. त्यावरची तारीख नातीच्या जन्माच्या दुसऱ्या दिवसाची आहे. म्हणजे तू गेल्यावर तिसरा आठवडा. नात झाली तेव्हा मी दहा दिवस मुलाकडे होते आणि हे घरी एकटे होते. त्या दहा दिवसांत ह्यांनी कुंडी उकरली, तुकडे काढले, धुतले, जोडले, दात घासून चोच बसवली आणि मी येण्याआधी सगळं जागच्या जागी. कुंडी का उकरली? कोरफड वाकडी दिसली? का मी रोज तिला जरा जास्तच पाणी घालत होते? माहीत नाही.

म्हणजे त्यांना एकोणीस वर्षं माहीत होतं. मी फोडली आणि तुझ्यावर घातलं, हे माहीत असलेला माणूस रोज माझ्यासमोर बसून जेवत होता आणि मीठ कमी आहे म्हणत होता.

आणि मी? मी ती कुंडी जिवापाड जपली. अकरा वर्षांपूर्वी घर बदललं तेव्हा सगळं सामान गाडीत आणि कुंडी माझ्या मांडीवर. ते म्हणाले, "तिला मागे ठेव की, ती काय रडतेय?" मी म्हटलं, "मला हवी हातात." ते गप्प बसले. आत तुकडे नाहीत हे माहीत असून गप्प बसले. हसत होते का गं तेव्हा? मी रस्त्याकडे बघत होते.

बाई गेली त्या दिवशी मी कुंडी अंगणात उपडी केली. मला अजूनही वाटत होतं की तुकडे असतील आणि डब्यातली चिमणी दुसरी कुठलीतरी असेल. माती पडली, मुळं पडली आणि मग दात. बिघडलेल्या कवळ्या, सात-आठ. पाणी झिरपायला तुकड्यांच्या जागी त्या घातल्या होत्या. कोरफडीच्या मुळांत अडकून माझ्याकडे बघून हसत होत्या. मी पायरीवर बसले. शेजारीण विचारायला आली, बरं नाही का. म्हटलं, दात दुखतोय.

आणखी एक. चिमणीच्या पोटात चिठ्ठी होती. प्रत्येक नगाला ते चिठ्ठी लिहायचे, कुठे मिळाली, काय दोष. या चिठ्ठीवर तीनच शब्द आहेत, "कान धरून उचलली." कोणी, ते लिहिलेलं नाही. नातीला दाखवली. ती म्हणाली, "आजी, आजोबांनी तुला सांभाळून घेतलं." असेल. मग तुला का नाही सांभाळलं? तुला तर ते खिडकीशी नेत होते. एक ओळ लिहून कळवता आली असती की मेहुणी, तू नाहीस. नाही कळवलं. मी बोलेन म्हणून वाट बघत राहिले? की मी बोलत नाही ही मला शिक्षा होती? की त्यांनाही माझ्यासारखंच झालं, पहिल्या दिवशी बोलायचं राहिलं आणि मग रोज एकेक दिवस वर पडत गेला? कधी त्यांचा राग येतो, कधी माझाच, आणि कधी वाटतं की ते मेले हे बरं झालं, नाहीतर मी विचारलं असतं आणि ते 'हळू' म्हणाले असते. मला काही कळत नाही, बारके. खरंच कळत नाही. तुला कळलं तर सांग.

मी रडत नाहीये, उगाच समजू नकोस. शाई पसरली आहे ती पेनाची आहे, नातीचं पेन गळतं.

आता कामाचं. संग्रहालयातली बाई शुक्रवारी, २८ तारखेला, खोकी घेऊन येणार. म्हटलं, सगळं न्या, चिमणी सोडून. ती म्हणाली, "आजी, तिच्याशिवाय सेट पुरा कसा होणार?" म्हटलं, एकोणीस वर्षं अपुराच होता, कोणी मेलं नाही त्याच्यामुळे. "पण तुम्ही ती ठेवून काय करणार?" म्हटलं, ती माझी नाही. बहिणीची आहे. तिने नेली होती असं मी सगळ्यांना सांगितलंय. आळ तिने सोसला, तर वस्तूही तिच्याकडेच असू दे.

पोस्टाने पाठवणार नाही. पोस्टातली माणसं जे दिसेल ते कानाला धरून उचलतात. न्यायला तुलाच यावं लागेल आणि शुक्रवारच्या आधी. ती बाई गोड बोलते, माझा काय भरवसा. तू दारात आलीस की मुलगा, सून, नात, सगळ्यांसमोर सांगेन, फोडली मी आणि चोर हिला केलं. हे पत्रात लिहिणं सोपं आहे, म्हणून ते धरू नकोस. तोंडाने सांगेन तेव्हाच धर. कवळी घालून सांगेन, नीट ऐकू येईल.

आणि आली नाहीस तर आली नाहीस. तेही मला समजेल. बाकीचं काही समजत नाही, पण ते समजेल.

आलीस तर चहा टाकीन. दूध तू ओत. पोट धरून.

चिमणी फोडणारी,
ताई