बॅटरीवरच्या अक्षता

तीर्थरूप आईस,
सर्वेशचा रुसलेला नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कार्ड.

आम्ही हंपीला सुखरूप पोचलो. रसिका मजेत आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

आपल्या कॅरव्हॅनमधला व्होल्टेजचा आकडा मात्र नुसता नाचत होता. घडीत बारा, घडीत नऊ. फ्रिज बंद, दिवे मंद. आधी माजिवड्याच्या बॅटरीवाल्याचा संशय आला, जुना माल गळ्यात मारला म्हणून. मग शेजारच्या गाडीवाल्याचा, आमची लाइट चोरतो म्हणून. त्याच्याशी भांडलोसुद्धा.

आज बॅटरीची तार सोडवली, तर क्लॅम्पखाली हळदकुंकू आणि अक्षता! म्हणजे मी तार जोडायच्या आधीच कोणीतरी बॅटरीची पूजा केलेली, आणि मी न बघता वरून आवळली. रसिका म्हणते, मी नाही. आम्ही फक्त चाकाखाली लिंबू ठेवलेलं.

गाडीची दुसरी चावी तुझ्याकडेच होती ना? "त्या गाडीचं तोंडसुद्धा बघणार नाही" म्हणालेलीस. निघताना खालीही आली नाहीस.

तार पुसून घट्ट बसवली, आकडा आता हलत नाही. अक्षता तेवढ्या पाकिटात जपून ठेवल्यात.

फोन उचल गं.

तुझाच,
सर्वेश